रंग न आलेल्या वाट्या

शेवटचं रसायन घातल्यावर प्लेटकडं बघत बसू नये, बघितलं की वेळ लांबतो, असं साईराज म्हणतो. मी तरी बघतेच. हाताच्या पंजाएवढी पारदर्शक प्लेट, तिच्यात रांगेनं हरभऱ्याएवढ्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत कुणाच्या तरी छातीतून आलेला बेडका पातळ करून घातलेला. आधी निळं येतं. त्यावर आम्लाचा थेंब पडला की निळ्याचं पिवळं होतं. जेवढं पिवळं, तेवढं आम्ही शोधत असलेलं प्रथिन जास्त.

त्या दिवशी बहुतेक वाट्या पिवळ्या झाल्या, काही तर हळद कालवल्यासारख्या. सात नमुन्यांच्या वाट्या मात्र पाण्यासारख्या स्वच्छ राहिल्या.

"गेली," साईराज माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "तुझी अँटिबॉडी प्रवासात मेली. दिवाळीचा पहिला बळी."

आम्ही सांगलीच्या एका छोट्या संशोधन प्रयोगशाळेत काम करतो. मी एमएस्सी करून लागले त्याला वर्ष होत आलंय, साईराज माझ्या आधीपासूनचा. आटपाडीच्या बाजूला मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबांच्या छातीत लोकरीची धूळ आणि चुलीचा धूर काय करतो, ते आम्ही तपासत होतो. श्वासनळीतला श्लेष्मा ज्या प्रथिनांमुळं चिकट होतो, त्यातलं एक म्हणजे म्यूसिन फाइव्ह एसी. धूर-धूळ खाऊन ते वाढतं. ते ओळखायला उंदराच्या पेशींपासून बनवलेली एक अँटिबॉडी लागते. हजारो प्रथिनांच्या गर्दीत ती ह्या एकालाच जाऊन चिकटते, दुसऱ्या कशाकडं ढुंकूनही बघत नाही. महागडी, नाजूक गोष्ट आहे. अंगठ्याच्या पेराएवढी कुपी आणि तळाशी एक थेंब.

आमच्या प्रमुख विजयमाला मॅडमनी प्लेट खिडकीशी नेली, उजेडात धरली, परत टेबलावर ठेवली.

"कुपी पुण्याहून कधी निघाली होती?"

"वसुबारसेला."

"इथं कधी आली?"

"काल. कुरिअरवाल्यांकडं दिवाळीची गर्दी होती."

"बर्फ?"

"पाणी झालं होतं," मी म्हटलं.

"मग संपला विषय. ती टाकून दे. मी नवी मागवते, जानेवारीत सगळं परत करू."

"पण मॅडम, कंट्रोल बरोबर आलेत." कंट्रोल म्हणजे ज्याच्यात ते प्रथिन आहे हे आधीपासून ठाऊक असलेला नमुना. "अँटिबॉडी मेली असती तर सगळी प्लेट कोरी राहिली असती. अर्धमेली असती तर सगळंच फिकं आलं असतं. ती सातच नमुन्यांवर कशी रुसेल?"

"तुझा हात चुकला असेल."

"सात वेळा? प्रत्येक नमुना दोन वाट्यांत घातलाय. दोन्हीकडं कोरं आहे."

"शिवांजली, सण आहे," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "घरी जा."

त्या गेल्यावर साईराज म्हणाला, "मॅडम कधी चुकत नाहीत. हे मला मॅडमनीच सांगितलंय."

मी हसले, पण कुपी टाकली नाही, फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात ठेवली. त्या सातांत एक नमुना सोनमचा होता, म्हणून ते माझ्या डोक्यातून जाईना.

सोनम गडदेवस्तीवरची सून. वय जेमतेम तेवीस, कडेवर रांगतं पोर, आणि अंगानं इतकी वाळलेली की ब्लाऊजची बाही दंडावर नुसती लोंबत होती. दसऱ्यानंतर आम्ही नमुने घ्यायला गेलो तेव्हा तिला दोन महिने खोकला होता. लांबलेला खोकला असला की नमुन्याचा अर्धा भाग टीबीच्या तपासणीला पाठवायचा, असा आमचा नियम. तिचाही पाठवला. टीबी नाही, दवाखान्याच्या भाषेत 'नील', असा रिपोर्ट आला, आणि तिच्या नवऱ्याला, बिरदेवला, फोन करून ते मीच सांगितलं होतं.

साताऱ्याच्या एसटीत बसले तेव्हा बिरदेवचा आवाजी निरोप येऊन पडला. मागं मेंढ्यांचा गलका होता. "ताई, तुमी नील म्हणला, लय बरं वाटलं बगा. आमी भाऊबीजंला सकाळच्या पारी मेंढरं घिऊन निघतोय. आता पावसाळ्याच्या तोंडालाच माघारी. फोन लागला तर लागला."

मी उत्तर पाठवलं: काळजी घ्या.

*

भाऊबीजेला दुपारी साताऱ्यात आमच्या गोडोलीच्या घरी पंगत बसली होती. अप्पा, म्हणजे माझे वडील लालासाहेब, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण अजून जेवायला वेळेवर आणि ताठ बसतात. शेजारी माझा मोठा भाऊ ऋषिराज. वहिनी वाढत होती. तिला चार दिवस सर्दी-खोकला होता.

बासुंदीची वाटी ठेवताना वहिनीला ढास लागली. तिनं तोंडाला रुमाल लावला, वाटी कशीबशी टेकवली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. धुण्याच्या दगडाच्याही पलीकडं, भिंतीच्या आडोशाला. आधी नळ सोडल्याचा आवाज आला आणि त्याच्या आत दबलेला खोकला. परत आली तेव्हा डोळे पाणावले होते.

मी स्वयंपाकघरात तिच्यामागं गेले. "इथं बेसिन आहे की वहिनी. उन्हात कशाला गेलीस?"

"मामंजी जेवतायत ना. त्यांच्यापुढं कसं खाकरायचं?"

"बँकेत काय करतेस मग?"

"बँकेत मॅनेजरच्या तोंडावर खोकते," वहिनी हसून म्हणाली. "घरात नाही जमत बघ. कुणी सांगितलेलं नाही, मामंजी तर कधी काही बोलणार नाहीत. पण ते समोर असले की गळ्यातच अडतं. वर येतच नाही."

मी करंजी तोंडाकडं नेत होते. हात तसाच राहिला.

गडदेवस्तीवरचं अंगण मला दिसायला लागलं. बेडक्याचा नमुना मोकळ्या हवेत घ्यायचा असतो, म्हणजे जंतू खोलीत साठून राहत नाहीत. नियम बरोबर होता. म्हणून प्रत्येक वस्तीवर आम्ही अंगणात खुर्च्या मांडल्या आणि एकेकाला बोलावलं. पाहुणे आलेत म्हटल्यावर घरचा कर्ता माणूस आत कसा बसेल? सोनमचे सासरे नानासो आमच्याशेजारी बाजेवर शेवटपर्यंत बसून होते. चहा झाला का, पाणी हवं का, विचारत. सोनम आली, पदर ओढला, पाठ वळवली आणि डबीत काहीतरी टाकून डबी माझ्या हातात दिली. पातळ, फेसाळ. मी 'नमुना पातळ' अशी नोंद करून पुढच्याला बोलावलं होतं.

तिच्या सासूचा, बयाबाईंचा, नमुना भडक पिवळा आला होता. माहेरपणाला आलेल्या लेकीचाही. कोऱ्या राहिलेल्या सातही जणी मला एकेक करून आठवल्या. सगळ्या सुना होत्या, आणि प्रत्येकीच्या अंगणात कुणी ना कुणी सासरा बाजेवर बसलेला होता.

त्यांनी बेडका दिलाच नव्हता. थुंकी दिली होती. थुंकीतही चिकटपणा देणारी प्रथिनं असतात, पण ती वेगळी. म्यूसिन फाइव्ह एसी तिच्यात जवळजवळ नसतंच. अँटिबॉडीनं शोधलं, तिला सापडलं नाही, आणि ती गप्प राहिली. मेलेली नव्हती ती. तिनं जे होतं तेच सांगितलं होतं.

आणि त्याच डबीतली अर्धी थुंकी टीबीच्या तपासणीला गेली होती. टीबी नाही, हा रिपोर्ट सोनमच्या छातीचा नव्हताच. तो तिच्या तोंडाचा होता. त्या रिपोर्टवर विसंबून ती रांगतं पोर घेऊन सहा-सात महिन्यांसाठी निघाली होती.

बिरदेवचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. तालुक्याच्या दवाखान्यात कुणी उचलेना, सुट्टी होती. मग मॅडमना लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं असू शकतं," त्या म्हणाल्या. "आणि असंही असू शकतं की अँटिबॉडी बिघडलीय आणि तू तिला वाचवायला गोष्ट रचतेयस. नमुना आण. उद्या मी लॅब उघडते. पण नव्या नमुन्याची वाटीही कोरी राहिली, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही."

ताटात ओवाळणी टाकायला ऋषिराज खिसा चाचपत होता. "बोल, काय पाहिजे?"

"आटपाडीला सोड. आत्ता."

"साडी स्वस्त पडली असती," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली घ्यायला उठला.

*

रहिमतपूर, औंध. डोंगरावरची यमाई दिसली तसा ऋषिराजनं एक हात सोडून कपाळाला लावला आणि पुन्हा गाडी पळवली. वडूजच्या पुढं ऊस संपला, बाभळी आणि शाळूची कोवळी पिकं सुरू झाली. पाठीवरच्या सॅकमध्ये घरच्या फ्रिजमधल्या बर्फाचा थर्मास होता आणि औषधाच्या दुकानातून घेतलेल्या निर्जंतुक डब्या. दर थांब्यावर मी फोन लावत होते.

गडदेवस्तीवर पोचलो तर अंगण रिकामं. मेंढ्यांच्या वाड्यात नुसत्या लेंड्या. शाळू राखायला मागं राहिलेले कोंडीबा म्हातारे बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"गेली की सकाळच्याच पारी," ते म्हणाले.

"कुठल्या वाटेनं?"

"वड्याच्या कडंनं गेल्यात. घावत्याल. पयला मुक्काम लांब न्हाई टाकत. पावसाळाभर घुडं रिकामं हिंडल्यालं, वझं नीट घेतंय का बगाय लागतंय." मग ऋषिराजकडं बघून म्हणाले, "मास्तर हायसा का पोलीस?"

"भाऊ हाय," ऋषिराज म्हणाला.

"मंग दमानं जा. वाट वाईट हाय."

ओढ्याच्या कडेकडेनं गाडी हाकत, दोनदा उतरून ढकलत गेलो. ऊन तिरपं झालं तेव्हा एका पडीक रानात कळप दिसला. वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावून झाली होती. घोडी ओझं उतरवून चरत होती. तीन दगडांच्या चुलीत सोनम फुंकर घालत होती. एक फुंकर मारायची, थांबायची, छातीला हात लावायची.

"आवं ताई, तुमी?" नानासो उठलेच. साठीचा उंच माणूस, लाल पटका. "सणासुदीचं हितं कुठं? बसा, बसा." त्यांनी घोंगडं अंथरलं, आम्हाला बसवलं आणि पाहुणचाराला म्हणून स्वतः शेजारी बसले. चूल तिथून चार हातांवर.

मी मास्क लावला आणि सरळ सांगितलं. सोनमचा नमुना परत घ्यावा लागेल, आधीचा रिपोर्ट धरता येणार नाही.

बिरदेव घोड्याचा दोर तसाच टाकून आला. "तुमीच नील म्हणला न्हवं?"

"म्हटलं होतं. नमुना बरोबर नव्हता."

"म्हंजी तुमचं मशीन बिगाडलं, आन् थांबायचं आमी? उद्या म्होरल्या गावात पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची बोली झालीया. आमी न्हाई गेलो तर दुसरा कळप बसंल. मग हितं काय दगडं चारायची मेंढराला?"

"मशीन बिघडलेलं नाही."

"मग कशानं चुकलं?"

नानासो माझ्याकडं बघत होते, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. तुम्ही शेजारी बसला होता म्हणून, असं ह्या माणसाला त्याच्या मुलादेखत, सुनेदेखत कसं सांगायचं? सांगितलं असतं तर सोनमनं पुन्हा कधी डबीला हात लावला नसता.

"मला पाणी मिळेल का?" मी बयाबाईंना विचारलं आणि त्यांच्यामागं घोड्यांच्या पलीकडं गेले.

तिथं मी त्यांना माझ्या वहिनीची गोष्ट सांगितली. धुण्याचा दगड, सोडलेला नळ, सगळं.

"मग काय सासऱ्याम्होरं थुकायचं व्हय?" बयाबाई हसायला लागल्या. "आवं, मी माझ्या सासऱ्याम्होरं कवा शिंकले बी न्हाई. नाक दाबून धरायची. डोळं बाहीर येत हुतं." आणि हसता हसता थांबल्या. माझ्याकडं बघितलं. "म्हंजी हिनं दिलंच न्हाई?"

"थुंकी दिली. छातीतलं आतच राहिलं."

"आन् त्ये नील आल्यालं?"

"थुंकीचं."

त्यांनी तांब्या माझ्या हातात तसाच ठेवला आणि चुलीकडं गेल्या. नवऱ्याकडं न बघता, लांब कुठंतरी बघत म्हणाल्या, "आवं, त्या खालच्या अंगाला मेंढरं फाकल्यात बगा."

सगळी मेंढरं वाघरीत होती. नानासोंनी वाघरीकडं बघितलं. मग चुलीपाशी मान खाली घालून बसलेल्या सोनमकडं, मग मी सॅकमधून काढलेल्या डबीकडं. मग काठी टेकून उठले.

"व्हय," ते म्हणाले. "फाकल्याली दिसत्यात. चल रं बिरदेवा."

"कुठं? मेंढरं तर समदी..."

"चल म्हणतो न्हवं. पाव्हणं, तुमी बी चला."

ऋषिराजही उठला. तिघं ओढा उतरून पलीकडच्या काठावर गेले, आणि तिथंही न थांबता वर माळाला लागले.

"आता कुणी नाही," मी सोनमला म्हटलं. "खोल श्वास घे. परत एकदा. वाकून, पोटातून."

तिनं प्रयत्न केला. डबीत थुंकी पडली. पुन्हा केला, पुन्हा थुंकी. तिसऱ्यांदा तर नुसतीच मान हलवली. "न्हाई येत ताई."

"खोकला येतो ना?"

"येतूय. पर गिळायची सवं लागलीया." तिनं पदराआडून माळाकडं बघितलं. तिघं अजून दिसत होते, पाठमोरे, बोटाएवढे. "आवाज जातूय तितवर."

खरंच जात असावा. रान एकदम शांत होतं. उजेड उतरत चालला होता आणि इथून सांगली लांब. मला सोनमवर रागावावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

बयाबाई उठल्या. कोकरांची वाघर वेगळी असते. दिवसभर आयांपासून बाजूला ठेवतात आणि संध्याकाळी प्यायला सोडतात. अजून वेळ झाली नव्हती. बयाबाईंनी कोकरांची वाघर उचलली.

चाळीस-पन्नास कोकरं ओरडत सुटली. तिकडून आया ओरडायला लागल्या. जो तो आपापलं शोधत होता आणि त्या गलक्यात शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येईना. कुत्री भुंकायला लागली. सोनम सामानाच्या ढिगाआड गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि तिला खोकला आला. असा आला की मी मागं सरकले. ते सगळं कुठं ठेवलं होतं तिनं, असं वाटत राहिलं.

डबी माझ्या हातात आली तेव्हा तळाशी घट्ट, हिरवट-पिवळं होतं, कडेला चिकटून राहिलेलं. त्यात एक गंजासारखी रेघ होती.

"रगात हाय न्हवं?" सोनमनं विचारलं.

"आहे. थोडं."

"आदी बी येत हुतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनाला दावणार?" ती म्हणाली आणि पोर रडायला लागलं म्हणून उठली.

डबी बंद करून मी थर्मासमध्ये ठेवली. पुरुष माणसं परत आली ती मोठ्यानं बोलतच आली, आपण येतोय हे लांबूनच कळावं म्हणून.

"घावली का मेंढरं?" बयाबाईंनी विचारलं.

"घावली," नानासो म्हणाले. मग मला, "कवा कळंल?"

"उद्या दुपारपर्यंत. तोवर थांबा. आणि पोराला तिच्या तोंडाजवळ नेऊ नका," मी म्हटलं. "तिला तोंडाला फडकं बांधायला सांगा."

"पहाटं निघायचं ठरलंय," बिरदेव म्हणाला.

"उद्या दिस मावळंस्तवर हितंच."

"आन् पाटलाची बोली?"

"पाटलाला म्हणावं घुडी लंगडती." नानासोंनी पटका सारखा केला. "पर ताई, दिस मावळला की मातूर निघणार. हितं चारा न्हाई. माझ्या हातात तेवडंच हाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याचा अर्धा भाग साईराजनं टीबीच्या तपासणीला पोचवला. उरलेल्यातलं मी प्लेटमध्ये घातलं. जुन्या डबीत राहिलेली सोनमची थुंकी एका वाटीत, नवा बेडका शेजारच्या वाटीत. दोन्हींवर तीच, बर्फाचं पाणी झालेल्या खोक्यातून आलेली अँटिबॉडी.

विजयमाला मॅडम चकलीचा डबा घेऊन आल्या होत्या. तो कुणी उघडला नाही.

ह्या चाचणीत घाई करता येत नाही. घालायचं, थांबायचं, धुवायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा थांबायचं. प्रत्येक वेळी धुताना मी खिडकीबाहेर ऊन बघत होते. दुपार झाली. टीबीच्या लॅबमधून फोन नाही. बिरदेवचा फोन बंद. वाटी कोरी राहिली तर काय, ह्याचा मी रात्रभर विचार केला होता. तर मी एका कुटुंबाला उगाच अडवलं, त्यांची बोली मोडली, आणि त्या अंगणाबद्दलचं माझं सगळं म्हणणं म्हणजे नुसती बासुंदीच्या पंगतीत सुचलेली कल्पना.

शेवटचं रसायन घातलं. साईराज बघू नको म्हणाला नाही. तोही बघत होता.

जुनी वाटी स्वच्छ होती. नवी वाटीही स्वच्छ होती. मग नवीच्या तळाशी आकाशी झाक आली. ती गडद होत गेली, शाईसारखी. मी आम्लाचा थेंब टाकला आणि ती पिवळी झाली, इतकी की शेजारची कोरी वाटी आणखीच कोरी दिसायला लागली.

मॅडम बराच वेळ वाकून बघत होत्या.

"मी टाकून दे म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"टाकली नाही."

"दिसतंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "बाकीच्या सहा जणी कुठं आहेत?"

"दोघी आपापल्या वस्तीवरच आहेत. चौघी कुठं गेल्यात ते बघावं लागेल."

"त्यांच्यातल्या कुणाकुणाचा अर्धा भाग टीबीला गेला होता?"

"आणखी दोघींचा."

"आजच फोन लाव त्यांना. परवा जाऊ. मी पण येते." त्यांनी क्षणभर विचार केला. "खुर्च्या मांडायच्या नाहीत ह्या वेळी."

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या पिवळ्या रंगानं एवढंच सांगितलं होतं की हे खरंच तिच्या छातीतून आलंय. त्या छातीत काय आहे, ते दुसऱ्या मशीनला ठाऊक होतं.

फोन वाजला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. साईराजनं उचलला, ऐकलं, "बरं" म्हणाला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. टीबी होता.

बिरदेवला लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मॅडमनी त्यांच्या फोनवरून लावला, साईराजनं त्याच्यावरून. खिडकीतलं ऊन तांबूस झालं. कळप सुटला असेल, घोड्यांवर ओझं चढलं असेल, आणि पुढच्या माळावर रेंज असेल की नाही कुणास ठाऊक. मी पुन्हा लावला, आणि वाजला.

"ताई," बिरदेव म्हणाला, "आमी घुडी लादतोय." मागं भांड्यांचा आवाज येत होता.

मी सांगितलं. भांडी वाजत राहिली. मग फोन दुसऱ्या हातात गेल्याचं कळलं.

"बोला," नानासो म्हणाले.

"सोनमला टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. पण सुरुवातीला तिला दवाखान्याजवळ राहावं लागेल. आणि तुम्हा सगळ्यांचीच तपासणी करावी लागेल."

"पोराचं?"

"पोराला उद्याच आणा. लहान पोरांना लवकर होतो. आत्ताच कळलं हे बरं झालं."

मागं बिरदेव म्हणाला, "आन् मेंढरं?"

"मेंढरं मी आन् तुजी आई नेतो. तुमचं आटपाल्यावर आमी बी येतो तपासाय," नानासो त्याला म्हणाले. "आमी काय म्हातारं झालोय व्हय? तू हिला आन् पोराला घिऊन माघारी जा. गोळी मोजून दे. चुकलास तर हितं तोंड दावू नगो." मग मला, "ताई, एक इचारू?"

"विचारा."

"त्या दिशी मी तितं बसलो म्हनूनच न्हवं?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. "आम्ही तुम्हाला तिथं बसवलं," मी म्हटलं. "आम्हाला कळायला हवं होतं."

"पाव्हणं आल्यालं, म्हनून बसलो. आत कसं जायचं?"

"तेच."

पलीकडं कुणालातरी ढास लागली. सुरू झाली आणि लगेच अडकली, तोंडावर हात दाबल्यासारखी. फोन कानापासून लांब गेला असावा, कारण नानासोंचा आवाज आता लांबून आला, मला नव्हे, तिला.

"खोक बाय, खोक," ते म्हणत होते. "मी तिकडं त्वांड करून हुबा ऱ्हायलोय."

थोडा वेळ नुसत्या मेंढ्या. मग तो खोकला पुन्हा सुरू झाला आणि ह्या वेळी कुणी तो अडवला नाही.